डावा कान, उजवी सीट

कतारमध्ये नव्याने येणाऱ्या आपल्या मराठी माणसाची एक फजिती हमखास ठरलेली. कोणी मित्र विमानतळावर घ्यायला आलेला असतो. सामान डिकीत टाकून पाहुणा ऐटीत गाडीच्या पुढच्या डाव्या दाराकडे जातो, दार उघडतो, तर समोर स्टिअरिंग! मित्र हसून म्हणतो, "काय राव, आल्या आल्या तुम्हीच चालवणार का?" इथली वाहतूक रस्त्याच्या उजवीकडून, त्यामुळे गाडी चालवणारा डावीकडे आणि त्याच्या शेजारचा उजवीकडे. दोन-चार दिवसांत सवय होते आणि मग आपण ते विसरूनही जातो. मीही विसरलो होतो. पण या डाव्या-उजव्याच्या अदलाबदलीमुळे आमच्या घरात जवळजवळ सत्तर वर्षं झाकलेली एक गोष्ट उघडी पडली. ती सांगण्यासाठीच आज लिहायला बसलो आहे. मात्र आधी माझ्या एका वेडाची ओळख करून द्यायला हवी, कारण सगळं रामायण तिथूनच सुरू झालं.

मी मूळचा मिरजेचा. मिरज म्हणजे जंक्शन, दवाखाने आणि सतार-तंबोरे. अब्दुल करीम खाँसाहेबांचं वास्तव्य आमच्या गावी होतं. १९३७ साली ते गेले, त्यांची समाधी मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात आहे आणि दरवर्षी उरुसात तिथे गाण्याची सभा होते. लहानपणी शाळेतून येताना वाद्यं करणाऱ्यांच्या दुकानासमोर मी तासन् तास उभा राहायचो. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली एक साधा सुती दोरा असतो. कारागीर तो दोरा केसभर पुढे घ्यायचा, केसभर मागे घ्यायचा आणि एका ठरावीक जागी आला की मघाशी नुसती टणटणणारी तार एकदम गुंजायला लागायची. त्याला जवारी लावणं म्हणतात. (या मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा इथे दोह्यात मी एकट्याने पेढे वाटले.) आवाज चांगला होण्यासाठी वस्तू बदलावी लागत नाही, कधीकधी तिची जागा बदलावी लागते, हे तेव्हापासून डोक्यात बसलं.

पुढे इंजिनिअर झालो, इमारतींच्या ए.सी.च्या कामात पडलो आणि त्याच कामासाठी कतारला आलो. राहायला अल थुमामात. पूर्वी पत्ता सांगताना दहा खुणा सांगाव्या लागायच्या. २०२१ च्या ऑक्टोबरात आमच्या भागातलं स्टेडियम सुरू झालं, २०२२ ला वर्ल्ड कप झाला आणि आता "त्या टोपीजवळ" म्हटलं की काम भागतं. इथले पुरुष डोक्याला रुमाल बांधण्याआधी आतून जी विणलेली गोल टोपी घालतात, ती 'गहफिया', तिच्या आकाराचं हे स्टेडियम. चाळीस हजार माणसं बसतात आणि बसलेल्यांना गार हवा लागावी अशी सोय आहे. मी त्या कामावर नव्हतो, पण आमच्या धंद्यातला माणूस तिथे गेला की खेळ कमी बघतो आणि हवेची ग्रिलं जास्त बघतो.

आता वेडाकडे वळतो. आमची गाडी दहा वर्षांची. ऑगस्टमध्ये उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीचा आतला पारा साठ अंशांच्या पुढे जातो, त्यात दारांमधल्या स्पीकरच्या कडा तडकून गेलेल्या. गाणं लावलं की गायकाला पडसं झाल्यासारखं वाटायचं. सौ. म्हणाली, "नवीन स्पीकर बसवून घ्या आणि मोकळे व्हा." इंडस्ट्रियल एरियातल्या एका दुकानातला मल्याळी मेस्त्रीही तेच म्हणाला, अर्ध्या तासाचं काम! पण अर्ध्या तासात मोकळा झालो तर मी मिरजेचा कसला? स्पीकर घेतले, घरी आणले आणि २०२३ च्या ऑक्टोबरातले सगळे शुक्रवार-शनिवार कंपाउंडमध्ये गाडीची दारं उघडी टाकून घालवले.

हौशी मंडळींसाठी चार गोष्टी सांगतो. ज्यांना रस नसेल त्यांनी दोन-तीन परिच्छेद ओलांडून पुढे जावं, आमच्या घरातले सगळे तसंच करतात.

पहिली गोष्ट, दार म्हणजे पेटी नव्हे. दाराच्या पत्र्याला आतून मोठमोठी भोकं असतात. स्पीकरचा पडदा पुढे हवा ढकलतो तेव्हा मागे तेवढीच ओढतो, आणि मागची लाट भोकातून पुढे आली की पुढच्या लाटेला खाऊन टाकते. खर्ज नाहीसा होतो. म्हणून आधी ती भोकं चिकट शीट लावून बुजवायची, मग स्पीकर बसवायचा. बसवण्यापूर्वी काच पूर्ण खाली करून बघायची, नाहीतर काच येऊन स्पीकरच्या लोहचुंबकावर आपटते. दुसरी गोष्ट, प्लस-मायनस. डाव्या दारात माझ्या हातून तारा उलट्या लागल्या. एक पडदा बाहेर येतोय तेव्हा दुसरा आत जातोय, दोघांचा खर्ज एकमेकांत जिरतोय. दोन दिवस मी डोकं धरून बसलो. सौ. विचारत होती, "जास्त पैसे दिले की आवाज कमी होतो का हो?" शेवटी घड्याळातला दीड व्होल्टचा सेल कामी आला. स्पीकरच्या तारा सोडवायच्या, सेलचा प्लस स्पीकरच्या प्लसला आणि मायनस मायनसला क्षणभर टेकवायचा. पडदा बाहेर आला की बरोबर, आत गेला की खुणा उलट्या.

तिसरी गोष्ट ट्वीटरची, म्हणजे बारीक आवाजाच्या छोट्या स्पीकरची. बारीक आवाज बॅटरीच्या झोतासारखा सरळ जातो. पायाशी ट्वीटर लावला तर सगळा स्वर गुडघ्यांना ऐकू जातो! तो वर हवा. पण समोरच्या काचेशेजारच्या खांबात पुष्कळ गाड्यांत एअरबॅग असते, तिथे काही ठोकायचं नाही. आरशाच्या आतल्या बाजूला जो तिकोनी तुकडा असतो, ती जागा चांगली. मी आठवडाभर ट्वीटर दुहेरी चिकटपट्टीने इथेतिथे लावून फिरत होतो. आमची कन्या म्हणाली, "बाबा, गाडीला टिकल्या लावल्यात का?" खर्जाचं मात्र बरं असतं. ८० हर्ट्झच्या आवाजाची एक लाट सव्वाचार मीटर लांब, जवळजवळ गाडीएवढी. तो आवाज कुठून येतो ते कानाला कळतच नाही, त्यामुळे वूफर खुशाल डिकीत टाकावा.

चौथी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची आणि आमची कथाही तीच. घरात आपण दोन स्पीकरच्या बरोबर मधोमध बसू शकतो. गाडीत मध्ये गिअर असतो. मी टेप घेऊन मोजलं. डाव्या दारातला स्पीकर माझ्या डोक्यापासून ९५ सेंटीमीटर, उजव्या दारातला १४०. फरक ४५ सेंटीमीटर. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे उजवीकडचा आवाज सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या सव्वापटीहून थोडा जास्त उशिरा येतो. एवढ्याने काय होतं, असं वाटेल. पण आपल्या दोन कानांमध्येच जेमतेम वीतभर अंतर, आणि एका कानाला आवाज आधी पोचला की मेंदू तेवढ्या फरकावरून दिशा ठरवतो. हेल्मुट हास नावाच्या जर्मन संशोधकाने १९४९ साली दाखवून दिलं की तोच आवाज दोन ठिकाणांहून थोड्या फरकाने आला, तर जो आधी येतो तिकडेच सगळा आवाज आहे असं आपल्याला वाटतं. त्यामुळे चालकाला सगळी मैफल त्याच्या गुडघ्याजवळच्या दारात कोंबलेली ऐकू येते.

उपाय सोपा आहे. जवळच्या स्पीकरला थोडं थांबवून ठेवायचं. त्यासाठी एक छोटी डबी मिळते, तिच्यात आकडे भरायचे. मी डाव्या स्पीकरला १.३ मिलिसेकंद उशीर दिला, त्याचा आवाज थोडा उतरवला आणि रात्री कंपाउंडमध्ये दिवे मालवून गाडीत बसलो. काय सांगू! लताबाई डॅशबोर्डच्या मधोमध उभ्या राहून गात होत्या. तबला डावीकडे, व्हायोलिनं उजवीकडे काचेच्या पलीकडे. तंबोऱ्याची जवारी लागली होती. मी सौ.ला हाका मारून बोलावलं. ती उजव्या सीटवर बसली, दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाली, "मला सगळं माझ्याच दारातून येतंय." मी म्हटलं, "तुझा कान तयार नाही." हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे मला ते फार महागात पडलं.

खरं तर गणित तिच्या बाजूचं होतं. तिच्यासाठी उजवा स्पीकर जवळचा आणि डावा लांबचा. त्या लांबच्याला मी आणखी उशीर दिला होता. म्हणजे माझ्या सीटवर फरक शून्य झाला आणि तिच्या सीटवर दुप्पट, २.६ मिलिसेकंद. गाडीत एका वेळी एकाच सीटवर सुख देता येतं, दुसऱ्याचं तेवढंच काढून. ज्याच्या हातात टेप, त्याची सीट!

गंमत म्हणजे हा सगळा खटाटोप ज्या स्टिरिओसाठी, त्याचा जनक अ‍ॅलन ब्लमलाइन हा इंग्रज इंजिनिअर. १९३१ साली त्याने पेटंटचा अर्ज केला. सांगतात की तो बायकोबरोबर सिनेमाला गेला होता. नट पडद्याच्या एका टोकाला आणि त्याचा आवाज दुसरीकडून, हे त्याला खटकलं आणि यावर तोड आपल्याकडे आहे असं तो शेजारी बसलेल्या बायकोला म्हणाला. शेजारच्या सीटवर बायको होती म्हणून ते बोलणं झालं. माझ्याही शेजारी बायको होती. मी फक्त ऐकलं नाही.

नोव्हेंबरात आई आली. बाबा जाऊन दीड वर्ष झालं होतं. मिरजेच्या घरात ती एकटी, म्हणून अडीच महिन्यांसाठी तिला आणलं होतं. वय ७४, गुडघे दुखणारे, बाकी प्रकृती ठणठणीत. गुडघ्यांमुळे मागच्या सीटवर चढायला त्रास, म्हणून सौ.ने आपली पुढची उजवी सीट तिला दिली आणि स्वतः कन्येबरोबर मागे बसली. विमानतळावरून येताना स्टेडियम दिसलं तशी आई म्हणाली, "अगं बाई, ही तर आपल्या तान्ह्या बाळाची विणलेली टोपी!" आम्ही खूप हसलो. मी मोठ्या कौतुकाने तिच्या आवडीची भावगीतं लावली. तिने मान डोलवली, "छान आहे हो आवाज," म्हणाली. मी आरशातून सौ.कडे बघितलं. बघ, कान तयार लागतो!

पण पहिला आठवडा गेला आणि काहीतरी बिनसलं. गाडीत बसलं की आई गप्प. मी विचारावं, "आई, उद्या शुक्रवार, वक्राच्या बाजारात जाऊ या का?" ती खिडकीतून बाहेर बघत बसायची. सौ. मागून म्हणायची, "आई, पाठीला उशी देऊ का?" उत्तर नाही. एकदा मी विचारलं, "मिरजेची आठवण येते का गं?" तर म्हणाली, "हो, उकडतंय खरं." गाण्याला मात्र मान डोलायची, ताल धरायची. म्हणजे कान शाबूत होते. गाणं ऐकू येतं आणि आमचं बोलणं येत नाही, असं कसं होईल? आम्ही आपला सरळ अर्थ काढला, आई रुसली आहे. घरी समोरासमोर बसून जेवताना ठीक बोलायची, त्यामुळे तर संशय आणखीच बळावला. गाडीत बसलं की राग येतो, याचा अर्थ गाडीत काहीतरी खुपतंय.

एका रात्री सौ. ओट्यापाशी उभी राहून हळूच म्हणाली, "अहो, माझं काही चुकलंय का? मी मागे बसते ते त्यांना आवडत नाही का?" मी म्हटलं, "तू उगाच मनाला लावून घेतेस." त्यावरून आमचंही थोडं वाजलं. आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी आईला मावशीशी फोनवर बोलताना ऐकलं. "सगळं छान आहे गं इथं. घर छान, नात छान. पण माझ्याशी बोलत कुणी नाही."

मी दारातच उभा राहिलो. आम्ही वीस-वीस किलोमीटर तिच्याशी बोलत होतो आणि ती म्हणत होती, बोलत कुणी नाही! त्या रात्री तिचं तिकीट अलीकडचं करून घ्यावं का, असा विचारही आम्ही केला. आई-मुलातली कोडी सोडवण्यापेक्षा विमानाचं तिकीट बदलणं सोपं असतं, हे परदेशात राहणाऱ्यांना मी काय सांगणार?

त्यानंतरच्या शनिवारी आईला घेऊन वक्राकडे निघालो होतो. सौ. आणि कन्या घरीच. मला उजव्या ट्वीटरमध्ये किंचित खरखर ऐकू येत होती. (धूळ! इथे नाकात, डोळ्यांत, ट्वीटरमध्ये, सगळीकडे धूळ.) खरखर नक्की कोणाची ते बघायला मी बॅलन्सचं बटण पूर्ण डावीकडे फिरवलं. आता फक्त माझ्या बाजूचे स्पीकर वाजत होते. आई एकदम म्हणाली, "अरे, हे काय झालं? शेजारच्या घरात रेडिओ लावल्यासारखं वाटतंय."

मी म्हटलं, "डावीकडचे स्पीकर चालू आहेत." उत्तर नाही. मी बटण पूर्ण उजवीकडे फिरवलं. "हं, आता आलं बघ." पुन्हा डावीकडे. "गेलं." पुन्हा उजवीकडे. "आलं." माझ्या हाताला घाम फुटला. डावीकडून येणारं गाणं तिला शेजारच्या घरातलं वाटत होतं, आणि त्या दिवसांत तिच्या डावीकडून येणारी सगळ्यांत मुख्य गोष्ट म्हणजे मी होतो.

गाडी बाजूच्या पार्किंगमध्ये घेतली, गाणं बंद केलं, ए.सी. बंद केला आणि खाली उतरून तिच्या उजव्या खिडकीपाशी जाऊन हळू आवाजात विचारलं, "आई, तुला डाव्या कानाने ऐकू येत नाही का?"

ती सहज म्हणाली, "नाही. लहानपणी कान वाहायचा, तेव्हापासून नाही. का रे?"

का रे! मी पंचेचाळीस वर्षांचा घोडा, आवाजाचं गणित मिलिसेकंदात करणारा, आणि माझ्या आईला एका कानाने ऐकू येत नाही हे मला माहीत नव्हतं. मग एकेक गोष्ट डोळ्यांसमोर यायला लागली. ती फोन नेहमी उजव्या कानाला लावते. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झालं तेव्हा ती सहा वर्षांची. रेडिओच्या कापडी जाळीला उजवा गाल चिकटवून बसायची आणि मामा चिडवायचा, "आत शिरतेस की काय?" ही गोष्ट आमच्या घरात विनोद म्हणून किती वेळा सांगितली गेली असेल! उरुसातल्या गाण्याला गेलो की ती स्टेजच्या डाव्या अंगाला, भिंतीशी बसायची. गर्दी नको म्हणून, असं आम्हाला वाटायचं. उजवा कान गाण्याकडे आणि डावा भिंतीकडे, असा तो हिशेब होता.

आणि बाबा! बाबांना सवय होती, कोणी काही बोललं की तेच वाक्य ते पुन्हा म्हणायचे. "काय म्हणतोस, उद्या पुण्याला जातोस?" "अच्छा, म्हणजे भाजी संपली म्हणतेस." आम्ही भावंडं त्यांची नक्कल करायचो. चालताना, बसताना ते कायम आईच्या उजव्या हाताला. मी विचारलं, "बाबांना माहीत होतं?" आई म्हणाली, "लग्न झाल्यावर महिनाभरात कळलं त्यांना. मीच म्हटलं, मुलांना कशाला सांगायचं." बाबा गेले आणि घरातला रेडिओच बंद पडला, असा याचा अर्थ होता. दीड वर्ष आम्ही म्हणत होतो, बाबांच्या दुःखाने आई अबोल झाली.

मग मिरजेला गाडीत हे कधीच कसं लक्षात आलं नाही? तिथे गाडी चालवणारा उजवीकडे. आई पुढे डावीकडे बसायची, तिचा चांगला कान चालवणाऱ्याकडे आणि बहिरा कान खिडकीकडे. छान गप्पा मारायची. कतारला आल्यावर ती उजव्या सीटवर आली. आता बहिरा कान माझ्याकडे आणि चांगला कान दाराकडे. त्या दारात मी माझ्या हाताने स्पीकर बसवला होता. सौ. म्हणाली होती, सगळं माझ्याच दारातून येतंय. ते दारातून येणारं गाणं आईच्या एकुलत्या एक चांगल्या कानात थेट पडत होतं आणि त्याखाली आमचं बोलणं बुडत होतं. माझ्याच स्पीकरने माझा आवाज पुसला होता.

कन्येने घरी आल्यावर स्वतःची परीक्षा घेतली. आजीच्या डावीकडे उभी राहून कुजबुजली, "आजी, चॉकलेट हवं?" काही नाही. उजवीकडे येऊन तेच. "दे की!" मग रीतसर कानाच्या डॉक्टरांकडे नेलं, आलेख काढला. डावा कान जवळजवळ गेलेला, उजवाही वयामानाने थोडा उतरलेला. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की दोन कान नुसते जास्त ऐकण्यासाठी नसतात. गोंगाटात चार जण बोलत असताना हवा तो आवाज वेगळा काढायला दोन्ही कानांची फार मदत होते. एका कानाच्या माणसाला शांत खोलीत काही अडचण जाणवत नाही, पण लग्नाच्या हॉलमध्ये, हॉटेलात आणि चालत्या गाडीत तो एकटा पडतो. कॉलिन चेरी नावाच्या शास्त्रज्ञाने १९५३ साली याच कोड्यावर प्रयोग केले होते, गर्दीत आपण एकाचं बोलणं वेगळं कसं ऐकतो? आमच्या घरी ते कोडं बाबांनी आपल्यापुरतं सोडवलं होतं. उजवीकडे बसायचं आणि वाक्य पुन्हा म्हणायचं.

आता गाडीतली मांडणी नव्याने करायची होती. माझ्या धंद्यात एक साधा नियम आहे. हवा ग्रिलच्या तोंडाशी मोजायची नाही, माणूस जिथे बसतो तिथे मोजायची. कोपऱ्यात बसलेल्या कारकुनाला वारा लागत नसेल तर ग्रिल कितीही भारी असून उपयोग नाही. आणि तो कारकून बहुधा तक्रारही करत नाही, आपला गप्प बसतो. हा नियम मी वीस वर्षं नवख्या पोरांना शिकवत आलो. स्वतःच्या गाडीत टेप मात्र फक्त माझ्या डोक्यापर्यंत लावली.

स्पीकर हलवायची गरजच नव्हती. हलवायचं होतं माणसाला. आईला माझ्या मागच्या, म्हणजे डाव्या सीटवर बसवलं. आता खिडकीचा वारा आणि रस्त्याची घरघर बहिऱ्या कानाला, तिथे ती कितीही होवो. चांगला कान आतल्या बाजूला आणि त्या बाजूला नात. सौ. पुढे उजवीकडे आली, जरा वळून बोललं की आवाज थेट पोचतो. गुडघ्यांना जागा हवी म्हणून माझी सीट दोन खाचे पुढे घेतली. त्याबरोबर माझी ९५ आणि १४० सेंटीमीटरची सगळी गणितं मोडली! मोडू देत. डबीतला उशीर काढून टाकला. वूफर निम्म्यावर आणला, कारण खालचा जाड आवाज बोलण्यातल्या बारीक अक्षरांना गिळतो. फेडर मध्यावर आणला, म्हणजे मागच्यांनाही गाणं लागेल. आणि फोनमध्ये जाऊन 'मोनो' चालू केलं. ही सोय बहुतेक फोनमध्ये असते, पण आपण तिकडे कधी बघत नाही. त्याने डाव्या-उजव्या दोन्ही वाटांचं गाणं एकत्र होऊन सगळ्या स्पीकरमधून येतं, मग एका कानाच्या माणसाचा अर्धा वाद्यवृंद हरवत नाही. आणि आईची आवडती जुनी गाणी मुळात ध्वनिमुद्रित झाली तीच बहुतेक मोनोत. त्यांना कसला डावा आणि कसला उजवा?

माझ्या सीटवरून सांगायचं तर गाडीचा आवाज बिघडला. लताबाई डॅशबोर्डवरून उतरून पुन्हा दारात जाऊन बसल्या. ज्या मित्रांना मी कौतुकाने गाडी ऐकवली होती, त्यातला एक म्हणाला, "अरे, हे काय करून ठेवलंस?"

त्या शुक्रवारी आम्ही उत्तरेला अल खोरला गेलो, पन्नासएक किलोमीटर. पार्किंगमधून निघालो तेव्हा मी गाणं लावलं. आईने नातीला विचारलं, हे गाणं कुणाचं ओळख बघू. नातीला अर्थातच येईना. मग आईने ते गाणं तिने पहिल्यांदा कुठे ऐकलं ते सांगायला सुरुवात केली. तिथून ती मिरजेच्या रेडिओवर गेली, रेडिओवरून मामावर, मामावरून त्याच्या मोडलेल्या लग्नावर. हे मोडलेलं लग्न मलाही नवीन होतं! सौ. मागे वळून वळून विचारत होती, "मग? मग काय झालं आई?" आणि प्रत्येक 'मग'ला उत्तर मिळत होतं. नात मध्येच आजीचं वाक्य पुन्हा म्हणत होती, "म्हणजे मामाआजोबा पळून गेले?" थेट बाबांसारखं. तिला कोणी शिकवलं नव्हतं.

मंडळी, डिसेंबर-जानेवारीत आपल्यापैकी पुष्कळांकडे आई-वडील येतील. विमानतळावरून घरी नेताना गाडीत एक छोटी परीक्षा जरूर घ्या. बॅलन्सचं बटण एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे फिरवा आणि विचारा, कसं वाटतंय? नुसतं "ऐकू येतं का?" असं विचारू नका, त्याचं उत्तर आपल्याकडे नेहमी "हो"च असतं. आणि कोणी गप्प बसलं असेल तर रुसलं आहे असं ठरवण्याआधी, ते तुमच्या कुठल्या बाजूला बसलं आहे ते बघा.

अल खोर जवळ आलं तेव्हा रस्त्यावर वाहनं कमी झाली. माझ्या आवडीचं गाणं लागलं होतं, मी नकळत आवाज थोडा वाढवला. मागून आईने माझ्या खांद्यावर टिचकी मारली.

"अरे, ते गाणं जरा बारीक कर. मला बोलायचंय."

मी बंदच करून टाकलं.